नाव विकत घ्यावे की कमवावे?

(खारदांडा येथे लहान व्यावसायिक आणि तरुण कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



महाजालावरील संकेतस्थळांची महागडी नावे विकत घ्यावीत का, आणि घेतली तर त्यांवर व्यवसाय उभारणे परवडते का, हा आजच्या विचाराचा विषय आहे. खारदांड्याच्या कोळीवाड्यात हा विषय कशाला, असे ज्येष्ठांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बोंबील-पापलेटाची मागणी आता फोनवरून येऊ लागली आहे. घरगुती मसाले, डबे, सुकी मासळी विकणारी नवी पिढी आपल्या व्यवसायाला महाजालावर पत्ता शोधू लागली आहे. अशा वेळी एखादा दलाल भेटतो. ‘मासळी’ या अर्थाचे सुटसुटीत इंग्रजी नाव आपल्यापाशी आहे, आज दहा लाखांत मिळेल, दोन वर्षांनी त्याचे पन्नास लाख होतील, जमिनीच्या प्लॉटसारखेच समजा, असे तो सांगतो. मग घरातले सोने गहाण टाकण्याच्या गोष्टी सुरू होतात. म्हणून हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही. तो कुटुंबाच्या बचतीचा झाला आहे.

माझे मत आरंभीच सांगतो. आपले स्वतःचे नाव महाजालावर अवश्य नोंदवावे, लवकर नोंदवावे आणि प्राणपणाने जपावे. मात्र दुसऱ्याने अडवून ठेवलेले महागडे नाव कर्ज काढून घेऊ नये. मराठीत आपण ‘नाव कमावणे’ म्हणतो, त्यात पिढ्यांचा व्यवहार सामावलेला आहे.

मालकी नव्हे, भाडेपट्टा

प्रथम ही वस्तू नेमकी काय आहे ते पाहू. डोमेन नाम म्हणजे संगणकाच्या आकड्यांतील पत्त्याला दिलेले, माणसाच्या लक्षात राहील असे नाव. ते नोंदवायला आणि दरवर्षी चालू ठेवायला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. ‘डॉट कॉम’ नाव एका वेळी अधिकाधिक दहा वर्षांसाठी नोंदवता येते. त्यानंतर नूतनीकरण केले नाही, तर सवलतीची मुदत उलटल्यावर ते कोणालाही मिळू शकते. म्हणजे आपण ‘विकत घेतले’ म्हणतो, तो खरा पाहता भाडेपट्टा असतो. दलाल दहा लाख मागतो, ते पट्टा आपल्या नावावर करून देण्याचे. पुढचे वार्षिक भाडे आपल्यालाच भरायचे असते. जमिनीची उपमा येथेच कोसळते. मुंबईत नवी जमीन निर्माण होणे अवघड. महाजालावर २०१४ पासून शेकडो नवे प्रत्यय आले आणि नावांचा तुटवडा पूर्वीसारखा राहिला नाही.

मोठ्या किमतींच्या कथा

तरीही कोट्यवधींचे सौदे झाले, हे खरे. त्यांच्यामागची कथा मात्र पुरती ऐकली पाहिजे. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९९ साली ७५ लाख डॉलरला विकले गेले. २००७ साली तोच व्यवसाय सुमारे ३४ कोटी ५० लाख डॉलरला विकला गेला. दलाल येथवर सांगतो आणि थांबतो. मधल्या आठ वर्षांत त्या नावावर उद्योगांची मोठी सूची आणि जाहिरातींचा व्यवसाय उभारला गेला होता, आणि किंमत त्या व्यवसायाची होती. तो विकत घेणारी आर. एच. डॉनेली कंपनी पुढे २००९ साली दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली, हेही तो सांगत नाही.

दुसरे उदाहरण ‘व्हॉइस डॉट कॉम’चे. २०१९ साली हे नाव तीन कोटी डॉलरला घेण्यात आले. त्यावर समाजमाध्यम उभारण्याचा प्रयत्न झाला, मग त्याचा रोख बदलला आणि २०२३ साली तो उपक्रम गुंडाळावा लागला. नाव जगातील उत्तमांपैकी एक होते, पण लोकांना तेथे जाण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे अशासाठी म्हण तयार आहे : नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

याउलट फेसबुक आरंभी ‘द फेसबुक’ या नावाने चालत होते. विद्यार्थ्यांत ते रुजल्यावर, २००५ साली, दोन लाख डॉलर देऊन कंपनीने ‘द’ काढून टाकला. टेस्ला कंपनीने मोटारी विकल्या त्या अनेक वर्षे ‘टेस्ला मोटर्स’ या पत्त्यावरून. ‘टेस्ला डॉट कॉम’ तिच्या हाती २०१६ साली आले, तेव्हा ती जगप्रसिद्ध झाली होती. आधी व्यवसाय, मग महागडे नाव, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुंबईतील दोन धडे

परदेशी उदाहरणे सोडून आपल्या मुंबईकडे येऊ. अमेरिकेहून परतलेल्या राजेश जैन यांनी १९९५ साली ‘इंडियावर्ल्ड’ सुरू केले. त्यांची संकेतस्थळे कोणती? समाचार, खोज, खेल, बावर्ची! इंग्रजी हीच महाजालाची भाषा मानली जात असताना त्यांनी आपल्या बोलण्यातले शब्द घेतले. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने हा समूह ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. तो काळ फुगलेल्या किमतींचा होता आणि पुढच्याच वर्षी तो फुगा फुटला, हे मान्य. तरी जैन यांनी नावे घेऊन ती नुसती पाडून ठेवली नव्हती. परदेशस्थ भारतीय रोज सकाळी बातम्यांसाठी आणि पाककृतींसाठी तेथे येत, म्हणून त्यांना मोल आले.

दुसरा धडा आपल्या शेजारच्या अंधेरीचा. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या बंधूंनी १९९८ साली ‘डायरेक्टी’ सुरू केली. वडिलांकडून उसने घेतलेले २५ हजार रुपये हे त्यांचे भांडवल. इतरांना नावनोंदणीची सेवा देणे हा त्यांचा व्यवसाय. तो वाढत गेला, आणि २०१४ साली त्यातील मोठा भाग एका अमेरिकन कंपनीने घेतला. त्यांच्याच ‘रॅडिक्स’ने २०१४ च्या लिलावात ‘डॉट टेक’ हा संपूर्ण प्रत्यय ६७ लाख ६० हजार डॉलरला मिळवला. ही रक्कम प्रचंड आहे, पण ती सोळा वर्षांच्या अनुभवानंतर आणि नियमित ग्राहक हाताशी असताना गुंतवलेली आहे. पंचवीस हजारांपासून तेथवरचा प्रवास गाळून केवळ शेवटच्या बोलीचे अनुकरण करणे म्हणजे पोहणे शिकण्याआधी खोल समुद्रात उडी घेणे होय.

दुसऱ्याच्या नावावर डोळा

काही तरुणांना वाटते, प्रसिद्ध कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव आधीच नोंदवून ठेवावे आणि मग तिच्याकडून पैसे घ्यावेत. हा मार्ग नीतीला धरून नाही आणि फायद्याचाही नाही. ‘रेडिफ’च्या विरोधात कोणी ‘रॅडिफ’ नोंदवले, तेव्हा १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने डोमेन नाम हे नुसत्या पत्त्याहून अधिक असून व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळण्यास पात्र आहे, अशी भूमिका घेतली. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. ‘डॉट इन’ नावांच्या तंट्यांसाठी लवादाची स्वतंत्र व्यवस्था आहे, आणि ‘डॉट कॉम’चे तंटे जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे जातात.

अलीकडचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार हे ताडून दिल्लीच्या एका तरुणाने ‘जिओहॉटस्टार’ हे नाव आधीच नोंदवले आणि २०२४ साली त्याबदल्यात परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला. कंपनीने तो दिला नाही. नाव दुबईतील दोन भावंडांकडे गेले, आणि त्यांनी शेवटी ते कंपनीला विनामूल्य देऊ केले. तरुणाची कल्पकता नाकारण्याचे कारण नाही. तीच कल्पकता स्वतःच्या कामात लागली असती तर?

दहा लाखांचा हिशेब

आता आकडे मांडू. समजा, दहा लाख रुपये बारा टक्के व्याजाने काढून नाव घेतले. वर्षाचे व्याज एक लाख वीस हजार. घरपोच मासळीच्या एका मागणीमागे सर्व खर्च जाऊन साठ रुपये उरतात असे धरले, तर केवळ व्याज फेडण्यासाठी वर्षाला दोन हजार मागण्या लागतील. मुद्दल तसेच राहील. हजार रुपयांच्या साध्या नावाचा खर्च सतरा मागण्यांत निघतो. उरलेल्या पैशात बर्फाच्या चांगल्या पेट्या येतील, जुना टेम्पो येईल, आणि मासळी वेळेवर पोहोचेल. ग्राहक दुसऱ्यांदा येतो तो ताज्या मासळीमुळे आणि चोख वजनामुळे. येथील मावशींकडे ठरावीक गिऱ्हाईक वर्षानुवर्षे त्यांनाच शोधत येते. मावशींनी ते नाव कोणत्या लिलावात घेतले होते?

मोठ्या कंपन्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. मांस-मासळी घरपोच देणारी ‘लिशियस’ बंगळूरमध्ये २०१५ साली सुरू झाली ती एक बनवलेला शब्द घेऊन. मुंबईत २०१२ साली सुरू झालेल्या ‘नायका’ने तर संस्कृतातील ‘नायिका’ या शब्दाचा आधार घेतला.

मग महागडे नाव कधीच घेऊ नये काय? घ्यावे, पण तीन अटींवर. व्यवसाय आधीच चालू असावा आणि नाव नसल्याने गिऱ्हाईक दुसरीकडे जात आहे, हे दिसत असावे. पैसे नफ्यातून द्यावेत, गहाणातून नव्हे. आणि ते नाव पुढे कोणी घेतले नाही तरी घर चालेल, याची खात्री असावी.

स्वभाषेचा आणि स्वदेशाचा पत्ता

हा विषय खिशापाशी संपत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाबरोबरच राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फार्सी शब्दांच्या जागी आपले शब्द आणले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. नाव आपल्या भाषेत असणे हा स्वत्वाचा भाग आहे, ही त्या मागची दृष्टी. ‘डॉट कॉम’च्या प्रत्येक नावामागे वार्षिक शुल्काचा एक वाटा व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे जातो. ‘डॉट इन’ची व्यवस्था निक्सी ही भारतीय संस्था पाहते आणि ही नोंदणी २००५ पासून सर्वांना खुली आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ सुरू झाले. त्यात मराठीसह आठ भाषांची सोय झाली. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पण आपल्यापैकी किती दुकानांचा पत्ता देवनागरीत आहे? काही ईमेल सेवा आणि अर्ज अजून असे पत्ते नीट स्वीकारत नाहीत, ही अडचण खरी आहे. म्हणून आज रोमन नाव आणि देवनागरी नाव, दोन्ही घ्यावीत. मागणी वाढली की सोयी होतात.

प्रत्ययालाही विश्वासाचे मोल असते. बनावट संकेतस्थळांवरून होणारी फसवणूक रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या प्रत्ययावर येण्यास सांगितले. सहकारी बँकाही त्यात आल्या. कोणीही उठून घेऊ शकणार नाही असे हे नाव आहे, कारण त्यामागे पडताळणी आहे.

जाता जाता काही व्यवहाराच्या गोष्टी

नाव नोंदवताना मालक म्हणून स्वतःची नोंद करा. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावे ते राहिले, तर भांडणाच्या दिवशी आपलेच दुकान आपल्याला बंद होते. नूतनीकरण काही वर्षांचे एकदम करा. रोमन लिपीत आपले नाव दोन प्रकारे लिहिले जात असेल, तर दोन्ही घ्या. नाव घेण्याआधी ते कोणाचे व्यापारचिन्ह नाही ना, हे पाहा. आणि आपले नाव रुळू लागले की त्याचीही नोंद करा. व्यक्ती आणि लघुउद्योगांना एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क साडेचार हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. दलालाच्या दहा लाखांपुढे हे संरक्षण किती स्वस्त आहे, पाहा. शेवटी, संकेतस्थळ ताजे ठेवा. आजचा भाव आणि आजची मासळी तेथे दिसली नाही, तर सर्वांत सुंदर नावही बंद दुकानाच्या पाटीसारखे दिसते.

पत्रकार म्हणून एक गोष्ट सांगून थांबतो. ‘केसरी’ म्हणजे सिंह. हा शब्द कोशात कोणालाही मोकळा होता. १८८१ साली तो वृत्तपत्राच्या माथ्यावर आला, लोकमान्यांनी त्याच्यासाठी तुरुंगवास सोसला, आणि आज मराठी माणसाला तो शब्द ऐकताच प्राण्याआधी पत्र आठवते. साध्या शब्दाचे असे सोने करण्याची ताकद तुमच्या हातांतही आहे. ते हात गहाणखतावर अंगठा उठवण्यात नव्हे, कामात गुंतू द्या.

वंदे मातरम्.