ज्ञानदान आणि नगराची शाळा

(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



जैन परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय असे दानाचे चार प्रकार मानले आहेत. पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या न्यासाने यापुढे ज्ञानदानाला कोणते रूप द्यावे, याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. चंद्रपूर महानगरपालिकेच्या शाळेपर्यंत गेले तरी पुरे.

१८६७ साली स्थापन झालेल्या चंद्रपूर नगरपालिकेची २०११ मध्ये महानगरपालिका झाली. सभोवती कोळशाच्या खाणी, औष्णिक विद्युत केंद्र आणि शेजारी बल्लारपूरची कागद गिरणी, असे हे उद्योगी शहर. या उद्योगांच्या आधाराने जगणाऱ्या मजुरांची, हातगाडीवाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या भगिनींची मुले पालिकेच्या शाळेत येतात. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी गोंडी बोलली जाते. ऐपत असलेल्यांनी आपली मुले केव्हाच खासगी शाळांत नेली.

पट घटला की शिक्षक घटतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत. वर्ग मात्र चार किंवा पाच असतात. एकाच शिक्षकाला दोन-तीन वर्ग सांभाळताना पाहून उरलेले पालकही मुलांची नावे काढून घेतात, आणि पट आणखी घटतो.

आता पैशाचा विचार करू. मालमत्ता कराच्या देयकात 'शिक्षण कर' अशी एक ओळ असते. १९६२ च्या कायद्याने बसवलेला शिक्षण उपकर पालिका गोळा करते, परंतु तो राज्य शासनाकडे जमा करावा लागतो. शासन वेतनासाठी अनुदान देते. बाकीचा भार पालिकेवर राहतो. हा भार उचलण्याचे पालिकेचे बळही ओसरले आहे. स्थानिक संस्था कराविरुद्ध राज्यभरातील व्यापाऱ्यांनी आंदोलन केले. किचकट हिशेबाला कंटाळलेल्या व्यापाऱ्याची ती मागणी रास्त होती. २०१५ मध्ये पन्नास कोटींपर्यंतची उलाढाल त्या करातून मुक्त झाली आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. तेव्हापासून महापालिकांची भिस्त शासनाच्या भरपाईवर आणि मालमत्ता करावर आहे. ज्या वर्गाचे ओझे हलके झाले, त्या वर्गाने मालमत्ता कर तरी वेळेवर भरणे हे साधे कर्तव्य ठरते.

दुसरे मार्गही खुले झाले. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी राखून ठेवायला लावली. २०१५ मध्ये जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली आणि खाणींच्या जिल्ह्यांत शिक्षणासाठीही निधी मिळू लागला. १८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने शाळा दत्तक घेण्याची योजना आणली. 'ड' वर्ग महापालिकेच्या शाळेसाठी पाच वर्षांना पन्नास लाख किंवा दहा वर्षांना एक कोटी मूल्याच्या वस्तू व सेवा दिल्यास देणगीदाराचे नाव शाळेच्या नावाला जोडण्याची सोय तिच्यात होती.

पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतील भेद ठाऊक असतो. दुकानाची सजावट एकदा होते. गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा आणि माप चोख ठेवणारा माणूस रोज लागतो. शाळेचेही तसेच आहे. देणगीतून इमारत रंगते, भिंतीवर मोठा पडदा लागतो. पण वीजबिल कोणी भरायचे, बिघडलेले जलशुद्धीकरण यंत्र कोणी दुरुस्त करायचे, वाचनात मागे पडलेल्या मुलाजवळ रोज तासभर कोणी बसायचे? नामफलक इमारतीला लागतो, वीजबिलाला लागत नाही; म्हणून चालू खर्चाला दाता मिळत नाही.

शाळा सुधारू शकते, हे बाबूपेठ येथील सावित्रीबाई फुले शाळेने याच शहरात सिद्ध केले आहे. शिक्षकांनी परिश्रम घेतले, पालकांचा विश्वास परतला आणि पट वाढला.

जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ते दान रोजच्या भाकरीत गेले. त्यावर कोणाचे नाव कोरले गेले नाही. पण त्या भाकरीवर एक पिढी शिकली.

सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने न्यासाने एक कायम ठेव बाजूला काढावी. तिचे व्याज दरवर्षी पालिकेच्या एकाच शाळेला, तेथील शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने, केवळ चालू खर्चासाठी मिळावे. पर्युषणातील एखाद्या चढाव्याची रक्कम या ठेवीत घालता येईल. महापालिकेच्या अंदाजपत्रकात शाळांसाठी किती तरतूद झाली आणि किती खर्च झाली, हे दरवर्षी विचारणारे दोन कार्यकर्तेही नेमावेत. समाजात गुप्तदानाची थोर परंपरा आहे. त्या परंपरेची आज नगराच्या शाळेला सर्वाधिक गरज आहे.

जय जिनेंद्र!