स्मृतीची साक्ष आणि चळवळीचा इतिहास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कामगार चळवळीचा इतिहास लिहावयास बसले की प्रथम हाताशी येतात ती ठरावांची बाडे, वृत्तपत्रांची कात्रणे आणि बुडालेल्या श्रमदिवसांचे तक्ते. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. तक्त्यांचे मोल मी कमी लेखणार नाही. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, एवढेच तक्ता सांगतो. त्या कामगारांच्या घरांत चूल कशी पेटत राहिली, हे तो सांगत नाही. त्यासाठी माणसाकडे जावे लागते आणि त्याची जीवनकहाणी त्याच्याच तोंडून ऐकावी लागते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीचा भरवसा काय? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. इटलीतील तेर्नी या पोलाद कारखान्याच्या शहरात १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराच्या निषेधार्थ कामगार बाहेर पडले. पोलिसांशी झालेल्या चकमकीत लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मारला गेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तेथील कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ सालचा म्हणून सांगितला. त्या साली दोन हजारांहून अधिक कामगारांना कामावरून कमी करण्यात आले होते व त्याविरुद्ध रस्त्यावर लढा झाला होता. दप्तराच्या हिशेबी ही चूकच. पण इतक्या जणांनी एकच चूक का करावी? साथी मारला गेला आणि आपण हात बांधून राहिलो, ही बोच त्यांना सोसवत नव्हती; म्हणून स्मृतीने तो मृत्यू पोटासाठी झुंजलेल्या लढ्यात नेऊन ठेवला, असा अर्थ पोर्तेल्ली यांनी लावला. तात्पर्य, तारीख कागदावरून पडताळून घ्यावी. परंतु चुकलेली आठवण फेकून देऊ नये. तिच्यातही पुरावा असतो.

आपल्याकडे हे काम अगदीच झालेले नाही असे नव्हे. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना बोलते करून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. गिरणगावाचा मौखिक इतिहास मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने आणला. पण हे काम केवळ अभ्यासकांवर सोपवून कार्यकर्त्याला मोकळे होता येणार नाही.

मुलाखत घेणाऱ्याने आरंभीच संपावर येऊ नये. गाव, जमीन, मुंबईची पहिली खोली, पहिला पगार, लग्न, कर्ज अशा क्रमाने माणसाला आपले आयुष्य सांगू द्यावे. घरातील स्त्रीशी स्वतंत्रपणे बोलावे. नवऱ्यासमोर ती बहुधा त्याचीच कहाणी सांगते. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. उधारीवर किती दिवस जेवू घातले, याचा हिशेब अशा स्त्रियांपाशी असतो, संघटनेच्या दप्तरात नसतो. सांगणाऱ्याची संमती घ्यावी आणि लिहून काढलेले त्याला वाचून दाखवावे.

खरी कसोटी मात्र पुढेच आहे. आपल्याला सोयीचे तेवढेच ऐकण्याचा मोह कार्यकर्त्याला फार असतो. संप लांबल्यावर जो निमूटपणे कामावर परतला, ज्याने युनियन सोडली, ज्याला आपण फितूर म्हटले, त्याच्याही दारी आपण गेले पाहिजे. त्याची कहाणी वगळून जे लिहिले जाईल ते प्रचारपत्रक होईल, इतिहास होणार नाही. आणि पराभवाची कारणे न कळलेली चळवळ पुढच्या लढ्यात तीच किंमत पुन्हा मोजते.

वेळ थोडा आहे. १९५० साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी सुमारे दोन महिने संप चालविला. तो लढलेली पिढी आज जवळजवळ संपली. तिला विचारावयाचे पुष्कळसे राहूनच गेले. १९८२ साली पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. तेव्हा प्रत्येक शाखेने येत्या वर्षात निदान दहा जीवनकहाण्या नोंदवाव्यात, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.