रुग्णाच्या ताटातील अंडे

(आहार सप्ताहानिमित्त देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्या सभेत रुग्णालयाच्या प्रशासनातर्फे केलेले भाषण)



औषधे व यंत्रसामग्री यांविषयी या व्यासपीठावरून वेळोवेळी बोलले जाते. आज आम्ही एका साध्या वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे अंडे. डॉक्टरांनी रुग्णास अंडी देण्यास सांगितले की नातेवाईक आस्थेने मंडई गाठतात व ‘गावठीच द्या’ असा आग्रह धरतात. सप्टेंबर २०२४ अखेर मंडईचे मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून ही वाट सोपीही झाली आहे. या आग्रहामागील माया आम्ही जाणतो. परंतु त्यापायी एखादे कुटुंब अर्धी अंडी कमी आणते तेव्हा त्याचा हिशेब मांडणे आमच्यासारख्या वाणिज्य शाखेत शिकलेल्यांचे कर्तव्य ठरते.

परसात मोकळी फिरणारी कोंबडी दाणे, कोवळे गवत, किडे, मुंग्या टिपते. तिला ऊन मिळते. अशा कोंबडीच्या अंड्यात काही जीवनसत्त्वे अधिक आढळतात आणि चवही अनेकांना आवडते. हे मान्यच आहे. परंतु अशक्त रुग्णास प्रामुख्याने हवी असतात ती प्रथिने, आणि ती दोन्ही प्रकारच्या अंड्यांत वजनाच्या प्रमाणात जवळजवळ सारखीच असतात. सुमारे ४० ग्रॅमच्या गावठी अंड्यातून साधारण साडेचार ग्रॅम, तर ५५ ग्रॅमच्या फार्मच्या अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. एका गावठी अंड्याच्या किमतीत दोन साधी अंडी येत असतील, तर साडेचारच्या जागी बारा ग्रॅम प्रथिने रुग्णाच्या पोटात जातात. क्षयरुग्णास निक्षय पोषण योजनेतून मिळणारे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाले आहे. त्यातील प्रत्येक रुपया असा तोलूनच खर्च व्हावयास हवा.

दुसरा मुद्दा ताजेपणाचा. गावठी कोंबडी वर्षाकाठी साठ-ऐंशी अंडी घालते. मध्येच ती खुडूक होते व अंडी घालणे थांबवते. फार्मवरील कोंबडी मात्र वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. म्हणजे मुळशी, भोर, पुरंदर अशा भागांतून गावठी अंड्यांची भरलेली पाटी शहरात येते तेव्हा ती अनेक घरांतून, अनेक दिवसांत गोळा झालेली असण्याचा संभव अधिक. शिवाय घरच्या कळपात कोंबडा असल्याने त्यातील बरीच अंडी फलित असतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती दोन-चार दिवस उघड्यावर राहिली की आत गर्भाची वाढ सुरू होऊ शकते. तेव्हा ‘गावठी’ हा शब्द कोंबडीचे कूळ सांगतो, अंड्याचे वय सांगत नाही. कोंबडी उकिरड्यावर चरली की स्वच्छ शिवारात, हेही त्या शब्दातून कळत नाही. आणि जमिनीत शिसे वा अन्य विषारी द्रव्ये असतील तर ती तिच्या अंड्यात उतरू शकतात.

कवचाच्या रंगावरूनही काही ठरत नाही. तो कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. बलकाचा रंग खाद्यावर. मका वा झेंडूच्या पाकळ्या खाद्यात मिसळल्या तरी बलक केशरी होतो. पांढऱ्या अंड्यास चहाच्या पाण्याने रंग दिल्याच्या तक्रारीही अधूनमधून ऐकू येतात. म्हणून विक्रेत्यास पहिला प्रश्न विचारावा तो असा : ‘ही अंडी कोणत्या दिवशी गोळा केली?’ श्रावणात आणि नवरात्रात अनेक घरांत अंडी वर्ज्य असतात. मागणी घटते व माल दुकानात रेंगाळतो. त्या दिवसांत हा प्रश्न विशेष आवर्जून विचारावा. ओळखीचा, रोज थोडाच माल आणणारा विक्रेता सर्वांत बरा.

घरी आणल्यावर परीक्षा सोपी आहे. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आतील ओलावा उडत जातो व बोथट टोकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. पाण्याच्या भांड्यात ताजे अंडे तळाशी आडवे पडते. काही दिवसांचे अंडे तिरके होते. जुने उभे राहते. तरंगणारे टाकून द्यावे. अंधारात बॅटरीसमोर धरल्यास आतील रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. असे अंडे रुग्णास देऊ नये. मात्र पाण्याची परीक्षा वय सांगते, जंतू सांगत नाही, हे ध्यानात असावे. तडा गेलेले वा विष्ठेने माखलेले अंडे घेऊच नये.

साठवणुकीचे नियमही थोडकेच आहेत. कवचावर निसर्गतःच एक पातळ संरक्षक थर असतो. धुतल्याने तो जातो. म्हणून अंडी धुऊन ठेवू नयेत, कोरड्या फडक्याने पुसावीत आणि हवे तर वापरण्यापूर्वी धुवावीत. निमुळते टोक खाली ठेवावे. फ्रिजच्या दारात उष्णता सतत बदलते. त्यामुळे अंडी आतील कप्प्यात ठेवावीत आणि एकदा थंड झालेली बाहेर काढून ठेवू नयेत, कारण कवचावर धरलेल्या दवाबरोबर जंतू आत शिरतात. पूर्वी खेड्यांत चुन्याच्या निवळीत किंवा कोंड्यात अंडी ठेवीत. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी आज तो खटाटोप करण्यापेक्षा दोन दिवसांपुरतीच अंडी आणावीत.

आणि एक आग्रहाची विनंती. अशक्त माणसास दुधात कच्चे अंडे फेटून देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती कृपया सोडावी. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलासारखे जंतू जाण्याचा धोका असतो व दुर्बल शरीरास तो झेपत नाही. बेल्जियममध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के, तर कच्च्या अंड्यातील केवळ ५० टक्क्यांच्या आसपास प्रथिने पचल्याचे दिसले. पांढरा व पिवळा दोन्ही भाग घट्ट होईपर्यंत उकडलेले अंडेच रुग्णास द्यावे. मूत्रपिंडाचा विकार वा अंड्याची ॲलर्जी असल्यास आधी आहारतज्ज्ञांना विचारावे.

ज्या मंडईत आपण ही खरेदी करतो ती १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने उभी राहिली. आज तिला ज्यांचे नाव आहे त्या महात्मा फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना या इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता. लोकांचा पैसा कोठे खर्च व्हावा, हा त्यांचा प्रश्न धर्मादाय संस्था चालवणाऱ्या आम्हांसही रोज पडतो.

म्हणून देणगीदारांना एक नम्र सूचना. वाढदिवस वा पुण्यतिथीनिमित्त एकाच दिवशी तीस-तीस अंड्यांचे अनेक ट्रे देण्याऐवजी तेच दान आठवड्यांत विभागून द्यावे, किंवा त्याची रक्कम आहार निधीत जमा करावी. स्वयंपाकघरात रोज ताजी अंडी येतील आणि आपले दान शिळे होणार नाही. गावठीच द्यावयाची इच्छा असेल तर तीही आनंदाने स्वीकारू. फक्त ती पाण्याच्या भांड्यातून तपासूनच पुढे जातील.