लोहचुंबक कुणाच्या हातात?

(बालवाडीताईंच्या शिबिरात केलेलं भाषण)



विज्ञानावर मी बोलावं याचं मलाच हसू येतं. मी समाजकार्य शिकलेली. पण आमच्या वस्तीतल्या बालवाडीत घडलं ते सांगते.

जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं वाटोळं लोहचुंबक मी भंगारातून आणलं. समोर खिळे, टाचण्या, खडू, काचेची बांगडी, पितळेची घंटी, स्टीलचे चमचे मांडले. काय चिकटेल ते आधी ओळखायचं, मग लावून बघायचं. पाच मिनिटांत चुंबक मुलग्यांच्या ताब्यात! मुली काय करत होत्या? त्यांना वस्तू उचलून देत होत्या, सांडलेल्या टाचण्या गोळा करत होत्या. वयं चार-पाच वर्षांची. आणि मी म्हणाले, "किती शहाण्या गं!" घरी जाताना ते शब्द मलाच टोचले.

दुसऱ्या दिवशी आणखी चुंबकं आणली. दोघी मुलींत एक, दोघा मुलग्यांत एक. मुली आधी गप्प होत्या. मग पिशवीत गुंडाळलेलं चुंबक अंगणातल्या वाळूतून फिरवलं, तर पिशवीला काळे कण मिशांसारखे उभे राहिले. आपल्या काळ्या दगडातच लोहखनिजाचे बारीक कण असतात, तेच वाळूत उतरतात. त्यानंतर मुलींना आवरणं कठीण झालं. एक जण घरभर हिंडून आली आणि म्हणाली, "दाराची कडी चिकटते, देव नाही चिकटत!" देव पितळेचा होता.

मग अडलं ते चमच्यांपाशी. दोन्ही स्टीलचे, एक चिकटला, दुसरा नाही. मला उत्तर येईना. लेकीला न्यायला आलेली एक आई दारातूनच म्हणाली, "ताई, स्टील दोन जातीचं असतं. चिकटतं त्याला भाव कमी." ती कचरा वेचते. दोरीला बांधलेलं चुंबक तिच्या पिशवीत कायम असतं. पिवळं दिसतं ते सगळं पितळ नसतं, लोखंडावर मुलामाही असतो, हे ती चुंबक लावून ओळखते. नाहीतर भंगारवाला सांगेल तो भाव. मी नंतर पुस्तक काढून वाचलं. न चिकटणाऱ्या चांगल्या स्टीलमध्ये निकेल असतं, त्यामुळे धातूची आतली रचनाच बदलते. निकेल महाग, म्हणून भाव जास्त. बाईचं बरोबर होतं.

एक मात्र सांभाळा. खेळण्यांतली बारीक, चकचकीत, जोरदार चुंबकं मुलांना देऊ नका. दोन गिळली गेली तर आतड्याच्या पदरांतून एकमेकांना खेचतात आणि आतड्याला भोक पडतं. शंका आली तरी थेट दवाखाना गाठा. मोठं, तोंडात न जाणारं चुंबकच वापरा.

पुढच्या आठवड्यात त्या आईलाच शिकवायला बोलावलं आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी दिली. आमचे हिशेबनीस विचारतात, "हिची शैक्षणिक पात्रता काय लिहू?" तो वाद अजून मिटलेला नाही.