विम्ल जमीन : यीस्टकडून घ्यावयाचा धडा



गंगाखेड परिसरातील गोदाकाठच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू बहुधा ८ च्या पुढे असतो. अशा जमिनीत सोयाबीन, भुईमूग किंवा ऊस पिवळा पडला की आपण युरिया टाकतो. पैसा जातो, पीक मात्र पिवळेच राहते. याचे कारण यीस्टच्या उदाहरणाने समजून घेऊ.

मळीपासून मद्यार्क तयार करणारे यीस्ट हा एकपेशीय सूक्ष्म जीव आहे. त्यास ४ ते ६ सामू मानवतो. त्याच्या सुमारे ६,००० जनुकांचा आराखडा १९९६ मध्ये पूर्ण झाला. पुढे कोणती जनुके केव्हा कार्यान्वित होतात, हे शास्त्रज्ञांना एकाच वेळी पाहता येऊ लागले.

यीस्टच्या द्रावणाचा सामू ८ च्या आसपास नेल्यास काही मिनिटांतच पेशीत कॅल्शियमद्वारे धोक्याचा संदेश पोचतो. मग लोह, तांबे व स्फुरद ओढून घेणारी जनुके जोमाने काम करू लागतात. सोडियम बाहेर टाकणारा पंपही तयार होतो. वास्तविक द्रावणात लोह असतेच. परंतु विम्लतेमुळे ते न विरघळणाऱ्या स्वरूपात जाते. म्हणजे ताटात अन्न आहे, पण घास घेता येत नाही.

आपल्या शेतात नेमके हेच घडते. सोयाबीन, भुईमुगाची मुळेही आम्ल सोडून लोह मिळविण्याचा प्रयत्न करतात. मात्र चुनखडी जास्त असून पाणी साचल्यास हा प्रयत्न अपुरा पडतो.

म्हणून पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात :

१) कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या असल्यास लोहाची कमतरता समजावी. जुनी पाने आधी पिवळी पडल्यास नत्राची.

२) लोहाच्या कमतरतेसाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व २५ ग्रॅम चुन्याची निवळी मिसळून फवारावे. गरजेनुसार ८-१० दिवसांनी पुन्हा फवारणी करावी.

३) जमिनीतून द्यावयाचे हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावे.

४) जिप्सम सरसकट टाकू नये. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असलेल्या चोपण जमिनीतच, चर काढून, माती परीक्षणानुसार वापरावे.

डोळ्यांना न दिसणारा यीस्टही आधी उणीव ओळखतो आणि मगच शक्ती खर्च करतो. आपणही आधी माती परीक्षण करावे, मगच खताची पिशवी फोडावी.