सावड फेडायची असते

(सटाणा येथे संस्थेच्या हितचिंतक मेळाव्यात केलेलं भाषण)



मागच्या मेळाव्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "बायांचं ते इंटरनेटवरचं दुकान कसं चाललंय?" आज त्याचं उत्तर देते. दुकान चाललंय, देवाची कृपा. पण मध्ये ते अडलं होतं. तेव्हा आम्ही मदत कशी शोधली आणि त्यातून काय शिकलो, ते सांगावंसं वाटतं.

साल्हेर-मुल्हेरकडच्या पाड्यांवर आपल्या बचत गटांच्या बाया नागलीचे पापड, नागलीचं पीठ, भगर, खुरासणीची चटणी आणि बांबूच्या टोपल्या करतात. आठवडे बाजारात गिऱ्हाईक म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. विक्रीच्या मोठ्या संकेतस्थळांवर माल ठेवायचा तर कमिशन जातं, आणि त्यांनी नियम बदलले की आपल्याला मुकाट्याने बदलावं लागतं. म्हणून स्वतःचं दुकान उघडायचं ठरलं. त्यासाठी आम्ही वर्डप्रेस आणि त्यावर चालणारं वूकॉमर्स ही सॉफ्टवेअर घेतली. दोन्ही मुक्त-स्रोत आहेत. म्हणजे त्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो. कोणीही तो वापरावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. परवान्याचे पैसे नाहीत.

याचा अर्थ सगळं फुकट, असं मात्र समजू नका. दुकानाच्या नावाचे आणि जागेचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, ऑनलाइन पैसे घेण्याचं शुल्क वेगळं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की काही अडलं तर फोन उचलायला कोणी बांधलेलं नसतं. विकत घेतलेल्या पंख्याला हमीपत्र असतं. इथे तसं काही नाही.

हे आम्हाला दिवाळीच्या तोंडावर कळलं. गटाने शिल्लक टाकलेल्या पैशांतून नागली घेतली होती, पापड लाटून, वाळवून, पाकिटं भरून तयार होते. दुकान उघडलं. नऊ दिवसांत एक ऑर्डर सुरतहून आली, एक मडगावहून. पुणे, मुंबई, नाशिक, जिथे आपली सगळी ओळख, तिथून एकही नाही. लोक दुकानात येतायत, वस्तू पाहतायत, हे आकड्यांत दिसत होतं. पण घेत कोणी नव्हतं.

दहाव्या दिवशी गटातली एक बाई पाकिटांवरची धूळ पुसता पुसता म्हणाली, "ताई, शहरातल्या लोकांना आमचा काळा पापड नको असेल. पांढरे उडदाचे केले असते तर गेले असते."

बंधु-भगिनींनो, पैशांपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. ज्या बाईने पहिल्यांदा आपल्या शेतातल्या नागलीवर स्वतःचं नाव छापलेलं पाहिलं, तीच आता त्या नागलीची लाज बाळगायला लागली होती.

त्याच संध्याकाळी पुण्याहून एका भगिनीचा फोन आला. त्यांनी हसत विचारलं, "अहो, दोन पाकिटं पापड घ्यायला मला सटाण्याला यावं लागेल का? तुमचं दुकान दुसरा पर्यायच देत नाही." म्हणजे पापड नको होते असं नाही, दुकानाचं दार अडकलं होतं. पण कुठे अडकलं, ते कळेना. एका जाणकाराला विचारलं. त्याने दुरुस्तीचा सांगितलेला आकडा रास्तही असेल, पण त्यात गटाचा महिन्याचा नफा गेला असता.

मग मी वूकॉमर्स वापरणाऱ्यांच्या मदत मंचावर लिहिलं. काय लिहिलं, ते सांगायला आता संकोच वाटतो. "दुकान चालत नाही. गरीब आदिवासी भगिनींचं काम आहे. कृपया ताबडतोब मदत करा." दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी एकाने उत्तर दिलं, तेही प्रश्नांचंच. कोणत्या गावचा पत्ता टाकल्यावर असं होतं? इतर राज्यांतही होतं का? माल पाठवण्याचे विभाग कोणत्या क्रमाने लावलेत? अलीकडे काय बदललं?

मला आधी रागच आला. मी मदत मागितली आणि हा माणूस माझी परीक्षा घेतोय! मग कफर्णहूमच्या त्या चौघांची गोष्ट आठवली. पक्षघाती मित्राला बरं करणं त्यांच्या हातात नव्हतं. पण त्याला बाजेवर घालून उचलणं, गर्दी पाहून छपरावर चढवणं आणि नेमका येशूसमोर खाली सोडणं, हे त्यांच्या हातात होतं. तेवढं त्यांनी पुरतं केलं. मी मात्र माझा आजारी घरातच ठेवून रस्त्यावर नुसती हाका मारत होते.

मग मी बसून नीट लिहिलं. सटाण्याचा पत्ता टाकून पाहिला, पुण्याचा पाहिला, सुरतचा पाहिला. प्रत्येक वेळी पडद्यावर काय आलं ते टिपलं. लिहिता लिहिताच अर्धी चूक उघडी पडली, उरलेली त्या माणसाने दाखवली.

वूकॉमर्समध्ये माल कुठे कसा पाठवायचा, त्याचे विभाग करतात. गिऱ्हाइकाचा पत्ता वरून खाली एकेका विभागाशी ताडला जातो, आणि जो पहिला जुळेल तोच लागू होतो. आम्ही सगळ्यात वर 'सटाणा' विभाग केला होता. गावातल्या लोकांनी केंद्रावर येऊन माल न्यावा, असं त्यात लिहिलं होतं. राज्य महाराष्ट्र निवडलं, पण पिनकोडची चौकट रिकामी ठेवली. त्यामुळे दुकानाच्या हिशेबाने अख्खा महाराष्ट्र सटाणा झाला! पुणेकरालाही एकच पर्याय, सटाण्याला या. सुरत आणि मडगाव राज्याबाहेर म्हणून सुटले. त्या चौकटीत ४२३३०१ लिहिलं आणि काम झालं. एका मिनिटाचं काम, आणि चूक सर्वस्वी आमची.

दुसऱ्या दिवशी पुण्याची ऑर्डर आली. दोन नव्हे, सहा पाकिटं. ती धूळ पुसणाऱ्या बाईनेच बांधली.

ज्याने मदत केली त्याला मी पाहिलेलं नाही. त्याने पैसे घेतले नाहीत. तो हे का करतो, हा प्रश्न मला पडला, तेव्हा या सॉफ्टवेअरचा इतिहास वाचला. २००३ साली अमेरिकेतला मॅट मुलेनवेग हा १९ वर्षांचा मुलगा बी-टू नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर वापरत होता. ते करणाऱ्या मिशेल वाल्द्रिगी यांनी काम थांबवलं होतं. मॅटने जाहीर लिहिलं, की हे आपण पुढे चालवावं का? इंग्लंडमधल्या माइक लिटलने कळवलं, मी सोबत येतो. त्या वर्षी २७ मे रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. वूकॉमर्सही असंच २०११ साली जिगोशॉप या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कोडवरून उभं राहिलं. आपल्या मुंबईतही फ्रॅपे कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा आणि विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर असंच जगाला खुलं केलं आहे.

पाड्यावर याला नवं नाव लागत नाही. आवणीच्या दिवसांत आज तुझ्या वावरात सगळे, उद्या माझ्या वावरात सगळे, याला आपण सावड म्हणतो. कुठे इर्जिक म्हणतात. सावडीला मजुरी नसते, पण सावड फेडायची असते. जो फक्त घेतो, त्याच्या वावरात पुढच्या वर्षी कोणी येत नाही.

तुमच्यापैकी कोणी असं दुकान चालवत असेल तर आमच्या अनुभवाचे चार शब्द सांगते. आधी दुकानाची राखीव प्रत काढा, मगच काही बदला. मंचावर विचारण्याआधी तोच प्रश्न कोणी विचारलाय का ते शोधा, बहुतेक वेळा सापडतो. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे तीन भागांत लिहा. वूकॉमर्समध्ये दुकानाच्या स्थितीचा अहवाल तयार मिळतो, तो सोबत जोडा. जोडण्या एकेक बंद करून पाहा, दोष कोणत्या जोडणीत आहे ते कळतं. जोडणी विकत घेतली असेल तर मदत तिच्या विक्रेत्याकडे मागा, तो त्याचा हक्काचा भाग आहे. पासवर्ड आणि गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन कधीही उघड लिहू नका. मदतीच्या नावाखाली कोणी खासगीत पासवर्ड मागितला तर देऊ नका. उत्तर लागू पडलं की तसं कळवा आणि आभार माना, म्हणजे मागून येणाऱ्याला वाट सापडेल. आणि दुकानाच्या किल्ल्या एकाच माणसाकडे ठेवू नका. आमच्याकडे आता दोघी आहेत. एक मी, दुसरी गटातलीच बारावी झालेली मुलगी.

फेडीचं काय? दुसऱ्या राज्यातल्या एका विणकर गटाला आमच्यासारखीच अडचण आली होती. त्याला त्या मुलीने हिंदीत उत्तर लिहिलं, आमची रिकामी चौकट सांगून. शिवाय वर्डप्रेसचं मराठी भाषांतर स्वयंसेवकच करतात. कोणीही शब्द सुचवावा, अनुभवी लोक तो तपासतात. एका दुपारी आम्ही बायांना विचारलं, 'शिपिंग'ला काय म्हणायचं? मी म्हटलं, 'पाठवणी'. सगळ्या खो खो हसल्या. "ताई, पाठवणी नवरीची असते, पापडाची नाही!" शेवटी 'घरपोच' ठरलं. आणि गिऱ्हाईक वस्तू ज्यात ठेवतं त्याला 'टोपली'. टोपल्या विणणाऱ्यांनी दिलेला शब्द आहे, मला तो फार आवडला.

तेव्हा आज माझी विनंती देणगीची नाही. ती तुम्ही देताच, आणि त्याबद्दल ऋणी आहोत. आज वेळ मागते. तुमच्या घरात संगणकाचं शिक्षण घेतलेली मुलं-मुली असतील, तर महिन्याचे दोन तास द्या. नाशिक, पुणे, मुंबईत वर्डप्रेस वापरणाऱ्यांचे मेळावे झाले आहेत. पुढचा भरेल तेव्हा आमच्या त्या मुलीला सोबत घेऊन जा. तिथे ती मदत मागायला जाईल आणि द्यायलाही. ज्यांना यातलं काही जमत नाही, त्यांनी दुकानातून एक पाकीट मागवून पाहा आणि कुठे अडलं ते आम्हाला कळवा. तीही सावडच आहे.

गटाच्या भगिनींसाठी आणि ज्या अनोळखी माणसाने आमचं दार उघडलं त्याच्यासाठी प्रार्थनेत आठवण ठेवा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.