पक्षांतर सोपे, राज्यांतर अवघड
(देगलूर येथील भाषणाचा मजकूर)



देगलूर हे महाराष्ट्राच्या टोकाचे गाव. येथून मुंबई लांब आणि हैदराबाद जवळ. त्यामुळे राजधानीत काय शिजते ते येथे उशिरा कळते, असा एक समज आहे. गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहता हा समज सोडून द्यावा लागेल. राज्याच्या राजकारणात जेवढे म्हणून प्रयोग झाले, त्यांतील बहुतेकांचा एकेक खेळ या राखीव मतदारसंघातही लागून गेला आहे.

काँग्रेसचे आमदार रावसाहेब अंतापूरकर यांचे एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने निधन झाले. ३० ऑक्टोबरला पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने त्यांचे चिरंजीव जितेश यांना उभे केले. समोर भारतीय जनता पक्षातर्फे सुभाष साबणे होते. हेच साबणे २०१४ साली येथून शिवसेनेचे आमदार झाले होते. पोटनिवडणूक लागली आणि त्यांना नव्या पक्षाचे दर्शन घडले. तिकडे मुंबईत शिवसेना आणि काँग्रेस एका मंत्रिमंडळात बसलेल्या. तेव्हा ज्या शिवसैनिकाने वर्षानुवर्षे पंजाविरुद्ध घसा कोरडा केला, त्याने आता पंजासाठी तो करावा अशी वरून आज्ञा झाली. प्रचाराची धुरा त्या वेळचे सार्वजनिक बांधकाम मंत्री अशोक चव्हाण यांनी वाहिली. जितेश अंतापूरकर एक्केचाळीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. पक्ष बदलणाऱ्याला मतदाराने घरी बसवले, असा त्या निकालाचा अर्थ लावणे तेव्हा सोपे होते.

तो अर्थ तीन वर्षेही टिकला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर पोचले. ऑगस्टच्या अखेरीस जितेश अंतापूरकरांनी आमदारकीचा राजीनामा दिला व तीच वाट धरली. नोव्हेंबरमध्ये ते कमळावर उभे राहिले आणि पुन्हा निवडून आले. म्हणजे ज्या चिन्हाचा त्यांनी २०२१ मध्ये पराभव केला, त्याच चिन्हावर ते २०२४ मध्ये विजयी झाले. मतदारसंघ तोच, उमेदवार तोच, बदलले ते फक्त चित्र.

यात बेकायदेशीर काहीही नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्यांनी राजीनामा दिला आणि ते लोकांपुढे गेले. मात्र विधानसभेची मुदत संपायला जेमतेम तीन महिने उरले असता दिलेला राजीनामा म्हणजे गाडी शेवटच्या स्थानकात शिरताना तिकीट परत करण्यासारखे आहे. प्रवास तर पुरा झालेला असतो.

राजीनामा न देता जे गेले, त्यांचे तर काहीच बिघडले नाही. १९६७ नंतर ‘आयाराम गयाराम’चा सुळसुळाट झाला, तेव्हा उपाय सुचविण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. कायदा व्हायला १९८५ साल उजाडले. त्या कायद्याने एकट्यादुकट्या आमदाराला चोर ठरविले आणि एकतृतीयांश आमदारांच्या टोळीला ‘फूट’ असे प्रतिष्ठित नाव दिले. मधु लिमये या कायद्याचे कडवे टीकाकार होते, ते उगीच नव्हे. २००३ च्या घटनादुरुस्तीने फुटीची ती पळवाट बुजवली, परंतु दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाचा दरवाजा उघडा ठेवला आणि निकाल देण्याचे काम सभापती व अध्यक्ष यांच्याकडेच राहू दिले. २०२२ मध्ये शिवसेना फुटली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २०२३ मध्ये लागला, विधानसभा अध्यक्षांचा १० जानेवारी २०२४ रोजी. पक्ष दुभंगला, सरकार पडले, दुसरे आले. परंतु अध्यक्षांच्या लेखी दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र नव्हता. खून झाला आहे, पण मारेकरी कोणीच नाही, असा हा पंचनामा!

आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी १९४८ साली काँग्रेसमधून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी उत्तर प्रदेशातील आपल्या विधानसभेच्या जागाही सोडल्या. पोटनिवडणुकीत आचार्य फैजाबादला पडले. ते सोवळेपण आज हास्यास्पद वाटेल. अर्थात समाजवाद्यांनीही फार फुशारकी मारू नये. त्यांनी पक्षांतरे कमी केली हे खरे, पण पक्षच इतक्या वेळा फोडले व सांधले की कार्यकर्त्याला घरबसल्या पक्षांतर घडत असे.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये नांदेड जिल्ह्यातील सीमाभागाचे एक शिष्टमंडळ हैदराबादला तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांकडे गेले. त्यात देगलूरचेही लोक होते. आमची गावे तेलंगणात घ्या, नाहीतर तुमच्या पक्षाची उमेदवारी तरी द्या, असे त्यांचे म्हणणे होते. पलीकडे २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आणि दर हंगामाला एकरी रोख मदत सुरू झाली होती. बांधाच्या पलीकडचा सोयरा सांगत होता आणि अलीकडचा शेतकरी हिशेब करीत होता. त्याच्या या हिशेबाला महाराष्ट्रद्रोह म्हणणे सोपे आहे. आमदार पक्ष सोडतो तेव्हा त्याचा ‘विकासासाठी निर्णय’ होतो. शेतकरी राज्य सोडू म्हणतो तेव्हा त्याच्या निष्ठेची चौकशी होते.

शिवाय येथे सीमा सरकणे ही काही नवलाची गोष्ट नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत याच देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे पलीकडे गेली. तेव्हा भाषेचा प्रश्न होता. आता पोटाचा आहे, एवढाच फरक. ५ फेब्रुवारी २०२३ रोजी तेलंगणाच्या सत्ताधारी पक्षाने, नवे नाव धारण करून, नांदेडला सभा घेतली. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात शेतकऱ्याला वार्षिक सहा हजारांची ‘नमो’ मदत जाहीर झाली. या दोन घटनांचा संबंध होता की नव्हता, हे ज्याने त्याने ठरवावे. त्या वर्षअखेर तो पक्ष तेलंगणातच पराभूत झाला आणि सीमेवरचा गुलाबी रंग उडाला.

या मतदाराला भोळा समजण्याचे कारण नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेडमध्ये विधानसभेबरोबर लोकसभेचीही पोटनिवडणूक होती. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण दीड हजारांहूनही कमी मतांनी का होईना, निवडून आले आणि त्याच क्षेत्रातील सहाही विधानसभा महायुतीकडे गेल्या. एकाच खोलीत, एकाच बोटाला शाई लावून हजारो लोकांनी दोन वेगळ्या पक्षांना मत दिले. नेत्यांना ज्यासाठी वर्ष-दोन वर्षे लागतात, ते मतदाराने दोन मिनिटांत उरकले.

मात्र या सगळ्या येरझारांत लेंडी प्रकल्प जागचा फारसा हलला नाही. मुखेड, देगलूर भागाला आणि पलीकडे तेलंगणालाही पाणी देण्यासाठी १९८० च्या दशकात हे धरण हाती घेतले गेले, म्हणजे ते आणि पक्षांतरबंदीचा कायदा साधारण एका वयाचे. कायद्याला पळवाटा ठेवून तो वेळेवर पुरा केला. धरण मात्र चार दशके रेंगाळले. ऑगस्ट २०२५ मध्ये, पुनर्वसनाचा प्रश्न पुरता मिटलेला नसताना, अतिवृष्टीचे पाणी मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव या गावांत रात्री घुसले. हसनाळला माणसे दगावली. त्या रात्री ज्यांनी घराच्या छपरावर जाऊन जीव वाचवला, त्यांना आपला आमदार कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न पडला नसावा.

पुढच्या खेपेस कोणी विकासासाठी पक्ष बदलून या गावी सत्कार घ्यावयास आला, तर कार्यकर्त्यांनी काळे झेंडे दाखवण्याचे श्रम घेऊ नयेत. बुडित गावांतील किती कुटुंबांना घर मिळाले आणि लेंडीच्या कालव्याचे पाणी कोणत्या शिवारापर्यंत आले, एवढे दोन प्रश्न कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावेत.